बागेत माश्या उतरल्या, म्हणून पंप कशाला?

‘ज्यांनी विमान अडवून धरलं, त्या माश्या आपल्याला काय सोडणार आहेत?’ सुरतेत हल्ली कुणाच्या बागेत मधमाश्यांचा थवा उतरला की हा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत येतो. आणि तो मांडणारा अशा थाटात गप्प होतो, की आता यापुढे कुणी बोलायचं काही उरलंच नाही.

दाखला खरा आहे. ७ जुलै २०२५ ला सुरत विमानतळावर जयपूरला जाणारं इंडिगोचं विमान उभं होतं. प्रवासी आत बसले होते, सामान चढत होतं. तेवढ्यात सामानाच्या उघड्या दारावर माश्यांचा थवा येऊन बसला. धूर करून पाहिला, हलेनात. शेवटी अग्निशमनाचा बंब आला, पाण्याचा फवारा मारला, माश्या उठल्या आणि विमान तासाभराच्या उशिराने गेलं. त्याचे व्हिडिओ गावभर फिरले. तेव्हापासून अडाजण-पालच्या बंगल्यांपासून आमच्या डिंडोली-उधन्याच्या रो-हाउसांपर्यंत, दारात एखादं चिकूचं झाड आणि चार जास्वंदी बाळगणाऱ्या प्रत्येकाला माश्यांचा झुबका दिसला रे दिसला की पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर आठवतो.

माझं म्हणणं असं, की हा दाखला फवारणीच्या बाजूचा नाहीच. विमानतळावर उशिराचा हिशेब मिनिटामिनिटाने लागतो. भरलेलं विमान खोळंबलेलं. तरी काम झालं ते पाण्याने. कोलकात्याला सप्टेंबर २०१९ मध्ये एअर इंडियाच्या विमानाच्या कॉकपिटच्या काचेवर असाच थवा चिकटला होता, तिथेही अग्निशमन दलाने पाणीच मारलं. त्यांना निदान घाई होती. तुमच्या चिकूच्या झाडाला कुठलं जयपूर गाठायचं आहे?

मुळात फांदीला लोंबणारा तो झुबका म्हणजे पोळं नव्हे, आणि सगळा घोळ इथेच होतो. पोळं म्हणजे घर. त्यात मेण असतं, मध असतो, अंडी-अळ्या असतात. थवा म्हणजे ते घर सोडून बाहेर पडलेली मंडळी. फुलोरा चांगला असला, वसाहत भरभरून वाढली, की जुनी राणी निम्म्याहून अधिक कामकरी माश्या घेऊन निघते आणि भरलं घर साठ्यासकट नव्या राणीला सोडून जाते. निघताना प्रत्येक माशी पोटभर मध पिऊन घेते, वाटखर्ची म्हणून. मग जवळच्याच एखाद्या फांदीला, कुंपणाच्या तारेला, कधी उभ्या स्कूटरच्या आरशाला, एकमेकींच्या पायांत पाय अडकवून सगळ्या लोंबतात. राणी आत कुठेतरी.

आता डंखाचा विचार करा. कामकरी माशीच्या काट्याला उलटी दाती असते. काटा आपल्या कातडीत रुतला की तो तिच्या पोटातल्या भागांसह उपटून निघतो आणि ती मरते. जीव देण्याचा हा सौदा ती करते तो पिल्लांसाठी आणि साठवलेल्या मधासाठी. फांदीला लटकलेल्या थव्याजवळ पिल्लं नाहीत, मध आहे तो पोटात. राखायचं काही नाही, म्हणून लढायचं कारण नाही. म्हणजे शेजारीपाजारी ज्या वेळेला सर्वांत जास्त घाबरतात, नेमकी तीच वेळ या माश्यांच्या आयुष्यातली सर्वांत मवाळ असते. मधपाळ लोक असा थवा हलक्या हाताने पेटीत उतरवून घेतात ते याच जोरावर.

मग त्या तिथे लटकून करतात तरी काय? याचं उत्तर फार सुंदर आहे, आणि पंपवाला येईपर्यंतच्या वेळात कुणीही पंधरावीस फुटांवरून पाहू शकेल असं आहे. वरवर पाहता झुबका निवांत दिसतो. पण त्याच्या पाठीवर नीट नजर लावली की चारसहा माश्या पोट थरथरवत इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या फिरताना दिसतात. इतर माश्या त्यांच्या मागे मागे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पडक्या म्युनिक शहरात मार्टिन लिंडाउअर हा संशोधक अशाच एका थव्यापुढे उभा होता. नाचणाऱ्या माश्या त्याला मळलेल्या दिसल्या. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने तांबडी, कुणी पिठाने पांढरी. फुलांवर गेलेली माशी अशी माखून येत नाही. त्याने ताडलं, की या धुराड्यांत आणि भिंतींच्या भगदाडांत शिरून नव्या घराच्या जागा पाहून आल्या आहेत, आणि कुठली जागा किती दूर, कुठल्या दिशेला, हे नाचून सांगताहेत. त्याचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांना माश्यांचा हा नाच उलगडून दाखवल्याबद्दल १९७३ चं नोबेल मिळालं. ते नाच पाहायचे पोळ्यातला, फुलांविषयीचा. शिष्याने पाहिला तो घरासाठीचा.

पुढे अमेरिकेत थॉमस सीली यांनी हा धागा शेवटापर्यंत नेला. शोधक माश्या वेगवेगळ्या जागांची शिफारस करतात. चांगल्या जागेसाठीचा नाच जास्त वेळ चालतो, सुमार जागेचा लवकर थांबतो. एकीचं ऐकून दुसरी जागा पाहायला जाते, ती स्वतः पारखून येते. एखाद्या जागेपाशी एका वेळी वीस-तीस माश्या जमल्या की ठरलं. मग त्या परतून बाकीच्यांना हलवतात, पंखांचे स्नायू तापवायला लावतात, आणि सगळ्यांचं अंग सुमारे ३५ अंशांपर्यंत तापलं की थवा एकदम उठतो. याला कधी दोनचार तास लागतात, कधी दोनतीन दिवस. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यांचा ठराव याहून कितीतरी जास्त रखडला आहे, आणि तिथे जागा कुणीच पाहून आलेलं नाही.

‘हे सगळं पेटीतल्या माश्यांचं झालं. आमच्याकडच्या आग्या असल्या तर?’ हा मात्र प्रश्न आहे. पंपवाल्या पक्षाच्या सगळ्या मुद्द्यांत विचार करण्याजोगा हाच एक.

आपल्याकडच्या माश्या तीनचार जातींच्या. फुलोरी अगदी लहान, तिचं तळहाताएवढं एकच पोळं जास्वंदीच्या किंवा मेंदीच्या झुडपात बसतं आणि कित्येकदा घरच्यांना ते महिनोन्‌महिने कळतही नाही. सातेरी अंधाऱ्या पोकळीत घर करते, झाडाच्या ढोलीत, भिंतीत, क्वचित मीटरच्या पेटीत. हीच आपली पेटीत पाळता येणारी देशी माशी. आणि आग्या. ती आकाराने मोठी, उघड्यावर उंच जागी एकच पोळं लटकवणारी. पाण्याच्या टाक्या, पुलांचे खालचे भाग, उंच इमारतींचे सज्जे तिच्या आवडीचे. पोळं मीटरभर रुंद होतं, माश्या दहा-दहा हजारांनी. अजिंठ्याच्या लेण्यांत, शिवनेरीवर तिने माणसं पळवली आहेत. आग्या मोहोळाखाली कुणी शौर्य दाखवू नये, मीही दाखवणार नाही.

पण या हल्ल्यांच्या हकिकती जरा खोदून पाहिल्या की बहुतेकांच्या मुळाशी काहीतरी छेड निघते. कुणी दगड मारलेला असतो, कुणी खाली चूल पेटवलेली असते, नाहीतर मधुबाजाने पोळ्यावर झडप घातलेली असते आणि राग खालून जाणाऱ्यांवर निघतो. शिवाय त्या हकिकती पोळ्यांच्या आहेत, जिथे पिल्लं आणि मध दोन्ही असतात. आग्यासुद्धा थव्याने फिरते, आणि आपल्या सगळ्या जातींत लांबची प्रवासी तीच. पावसाळा सरला की ती सपाटीवर येते, फुलोरा आहे तोवर राहते, ऊन चढलं, फुलं सरली की पोळं रिकामं टाकून निघून जाते. श्रीलंकेत तिचा हा प्रवास दोनशे किलोमीटरपर्यंतचा असल्याचं अभ्यासकांनी मांडलं आहे. थायलंडमध्ये तर वाटेत वर्षानुवर्षं त्याच झाडांवर मुक्काम करणारे तिचे थवे नोंदले गेले आहेत. मुक्काम काही दिवसांचा, कधी त्याहून लांबतो. बागेतल्या आंब्यावर अचानक उतरलेला मोठा काळपट झुबका बऱ्याचदा असाच मुक्कामाला थांबलेला असतो. सातेरीपेक्षा त्याला जास्त अंतर द्यावं, जास्त दिवस द्यावेत. पण आग्या आहे म्हणून पंप मारावा, हा तर्क उलटा आहे. जी माशी जास्त चिडते तिला मुद्दाम चिडवायचं, असा त्याचा अर्थ होतो.

कारण पंप प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. माणूस येतो दिवसा, त्याच्या सोयीच्या वेळी. त्या वेळी शोधक माश्या बाहेर असतात. फवाऱ्याखाली थेट सापडलेल्या माश्या पडतात, बाकीच्या उठतात, आणि ज्या एका गोष्टीमुळे थवा शांत होता ती गोष्ट संपते. डंख मारणारी माशी एक वास सोडते, पिकल्या केळ्यासारखा. तो वास इतरांना तिथेच बोलावतो. आता गल्लीत कोण उभं आहे, कुणी बटण दाबलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. पंपवाल्याच्या अंगावर जाळी असते. दूध घेऊन येणाऱ्या बाईच्या अंगावर नसते. पडलेल्या, अर्धमेल्या माश्या झाडाखालच्या मातीत दोनदोन दिवस तडफडतात आणि मेलेल्या माशीचा काटासुद्धा अनवाणी पायात रुततो. ज्या मुलांच्या नावाने फवारणी केली, ती मुलं त्याच मातीत खेळतात.

पंपात काय असतं, हे तर कुणी विचारतच नाही. ‘जालीम औषध टाका’ एवढीच मागणी असते. डायक्लोरव्हॉससारख्या द्रव्यावर केंद्र सरकारने २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली, ती काही माश्यांवरच्या प्रेमापोटी नव्हे. माणसांना, गुराढोरांना, पाण्यातल्या जीवांना धोका आहे म्हणून. बंदी नसलेलं औषध मारलं तरी ते चिकूच्या फळांवर, तुळशीच्या पानांवर आणि शेजारच्या दोरीवरच्या कपड्यांवरच बसणार. आठ दिवसांनी तोच चिकू कापून पाहुण्यांपुढे येतो.

आणि इथे सुरतेबद्दल एक बोलायचं राहिलं तर मनात सलत राहील. हे जीवदयेचं गाव आहे. उत्तरायणात मांज्याने कापलेल्या पाखरांसाठी गुजरातभर करुणा अभियान चालतं, पोरंसोरं पिशवीत कबूतर घालून उपचार केंद्रावर धावतात, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. आमच्या आजूबाजूची कितीतरी जैन घरं मध तोंडाला लावत नाहीत, कारण तो काढताना जीव मरतात. असं असताना त्याच गल्लीतून पंपवाल्याच्या बिलासाठी घरटी वर्गणी गोळा होते आणि त्यात कुणाला काही खटकत नाही, हे मला समजत नाही. कबुतराला डोळे आहेत आणि माशीच्या डोळ्यांत आपल्याला काही दिसत नाही, एवढंच का कारण? शेजाऱ्यांच्या श्रद्धेवर बोट ठेवण्याचा हेतू नाही. उलट ती श्रद्धा तिच्या शेवटापर्यंत न्यावी एवढीच विनंती आहे.

आता माश्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही थोडं ऐकवतो, कारण आमच्या पक्षातही बोलघेवडे कमी नाहीत. ‘मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइनस्टाइन म्हणाला होता.’ म्हणाला नव्हता. तसा कुठलाही पुरावा नाही. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी वाऱ्यावर किंवा आपल्याआपण फळतात. सुरतेच्या आसपासच्या उसाला आणि केळीलाही पिकायला माशी लागत नाही. कतारगामची पापडी, जिच्याशिवाय उंधियू होत नाही असं सुरती माणूस शपथेवर सांगेल, तीसुद्धा बव्हंशी आपल्याआपण धरते. खोटी भीती घालून माश्या वाचवायला गेलं, की एखादा चौकस माणूस ती खोडून काढतो आणि मग खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाही. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे. जगातल्या प्रमुख पिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकांना कमी-अधिक प्रमाणात परागीकरण करणाऱ्या जीवांचा फायदा होतो, उत्पादनाच्या वजनात बघितलं तर अशा पिकांचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वर जातो. घरामागे गिलक्याचा किंवा कारल्याचा वेल लावणाऱ्या खानदेशी बाईला हे आकडे सांगावे लागत नाहीत. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मध्ये कुणीतरी जा-ये केली नाही तर बोटभर फळ पिवळं पडून गळतं. सकाळी वेलावर माश्या आल्या नाहीत की तिला कळतं.

दुसरं टोक म्हणजे थवा पाहून भांडं घेऊन येणारे. ‘भाऊ, मध किती निघेल?’ निघणार नाही. थव्याला पोळंच नसतं. तरी कुणीतरी ‘आमच्या गावाकडचा मध झाडणारा’ बोलवायचं सुचवतो, पेटता टेंभा घेऊन येणारा. ही रीत पोळ्यासाठीसुद्धा वाईट. मध काढायचा म्हणून अख्खी वसाहत जाळायची गरज नसते. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या एका भागात साठलेला असतो, पिल्लं बाकीच्या भागात. रात्री, अंगभर जाळीचे कपडे घालून फक्त मधाचा भाग कापून घेतला तर पिल्लं आणि माश्या वाचतात, पोळं पुन्हा भरतं. वर्ध्याच्या डॉ. गोपाळ पालीवाल यांनी ही पद्धत जंगलात मध काढणाऱ्यांना शिकवण्यात हयात घातली. सातपुड्यातल्या मध काढणाऱ्याला जे जमतं, ते शहरी सोसायटीला जमू नये?

‘तुम्ही जबाबदारी घेता का?’ हा शेवटचा बाण. बैठकीत तो सुटला की भले भले गप्प होतात. मी म्हणतो, जबाबदारीचीच गोष्ट काढली ना, मग पूर्ण काढू. थवा शांत लटकला असताना कुणाला काही झालं नाही, पण फवारल्यानंतर दोन घरांपलीकडच्या म्हाताऱ्याला डंख झाले, तर ती जबाबदारी कुणाची? वाट पाहायला सांगणाऱ्याची की बटण दाबायला सांगणाऱ्याची? आणि वाट पाहणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. त्या झाडाखालून जायचा रस्ता दोरी बांधून बंद करायचा. माळ्याला दोन दिवस सुट्टी, गवत कापायचं यंत्र बंद, पाण्याची नळी त्या बाजूला न्यायची नाही. रात्री झाडाजवळचा मोठा दिवा विझवायचा, कारण आग्या रात्रीही उजेडाकडे ओढली जाते. अगरबत्ती, धूर, फटाका, काठी, दगड, झाडाखाली उभं राहून सेल्फी, यांतलं काही नाही. ज्याला पूर्वी डंखाने सूज किंवा दम लागला असेल त्याला घरात ठेवायचं. अशा माणसाला एक डंखही जिवावरचा ठरू शकतो आणि इथे हयगय चालत नाही. कुणाला चावलीच तर थांबून हात झाडायचे नाहीत, सरळ पळत घरात शिरून दार लावायचं, काटा नखाने मिळेल तसा पण लगेच काढायचा. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, तर थेट दवाखाना.

आणि गेल्याच नाहीत तर? असं होतं. थव्याला कधी तीच फांदी आवडते. ते ओळखायची सोपी खूण आहे. परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांकडे पाहा. पिवळ्या-केशरी परागाचे गोळे घेऊन येऊ लागल्या, म्हणजे आत पिल्लं आहेत, घर बसलं. फुलोरी असेल आणि हात लागणार नाही अशा झुडपात असेल, तर तिला राहू द्या. सातेरी मीटरच्या पेटीत शिरली असेल तर मधपाळाला बोलवा, तो तिला पोळ्यासकट पेटीत घालून नेईल, उलट तुमचे आभार मानेल. आग्याने जिन्याच्या तोंडाशी, शाळेच्या वाटेवर, हाताच्या उंचीवर पोळं बांधलं असेल तर ते तिथे राहू देता येणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण तेही जाणत्या माणसाने, काळोखात, आजूबाजूच्यांना सांगून, हलवायचं काम आहे. अशी माणसं आता मिळतात. पुण्यात अमित गोडसे यांनी सोसायटीतल्या पोळ्यावर पेस्ट कंट्रोल झाल्यावर पडलेला मेलेल्या माश्यांचा खच पाहिला, आणि सॉफ्टवेअरची नोकरी सोडून पोळी न मारता हलवायचं काम हाती घेतलं. पुण्यातच १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे हे रीतसर शिकवतात. सुरत महापालिकेने अग्निशमन दलातल्या चार जवानांना तिथे धाडलं, तर विमानतळावर बंब नेणाऱ्या शहराला बागेतल्या थव्यासाठी माणूस शोधत फिरावं लागणार नाही.

हलवण्याचं बिल फवारणीपेक्षा जास्त येतं, हे कबूल. ते घरमालकाने द्यायचं की सोसायटीने, यावर मात्र बैठक बोलवा आणि खुशाल रात्री बारापर्यंत भांडा.